दोन मुकेश, तीन किशोर

पन्नाशी गाठलेल्या माणसाला वाढदिवसाला काय काय भेटी येतात, ते बघितलं की लोकांची त्याच्याकडून काय अपेक्षा आहे ते स्पष्ट कळतं. मला मुलीने पावलं मोजणारं घड्याळ दिलं. भावाने रक्तदाब मोजायचं यंत्र दिलं. नणंदेने 'वहिनी, आता तुम्हाला वेळ मिळेल' असं म्हणून सार्थ ज्ञानेश्वरी दिली. नवऱ्याने काहीच दिलं नाही, पण भावाच्या यंत्रावर आधी स्वतःचा रक्तदाब मोजून घेतला आणि तो माझ्यापेक्षा कमी भरला म्हणून दिवसभर खुशीत होता. म्हणजे चाला, मोजा आणि हळूहळू आवराआवरीला लागा!

पन्नाशीनंतर मौज करायला आपल्याकडे बंदी आहे असं नाही. फक्त ती मौज मान्यताप्राप्त लागते. अष्टविनायक चालतो, चारधाम चालतं, युरोपही चालतो, कारण तिथे आल्प्सच्या पायथ्याशी टूरवाले श्रीखंड-पुरी वाढतात. हसायचं असेल तर हास्यक्लब आहे. डॉ. मदन कटारियांनी १९९५ साली मुंबईत पाच माणसं गोळा करून तो सुरू केला आणि तेव्हापासून सकाळी बागेत हात वर करून हसणं हा औषधोपचार ठरला. मात्र त्याच माणसाने दुपारी चार वाजता घरात एकट्याने हसून दाखवावं. बायको लगेच मुलाला फोन लावते.

त्याहून अवघड प्रकरण मैत्रीचं. पाचव्या वर्षी मैत्री करायला खोडरबर पुरतो, विसाव्या वर्षी अर्धा कटिंग पुरतो. पन्नासाव्या वर्षी शेजारच्या बाईंना 'आपण मैत्रिणी होऊया का?' असं विचारलं, तर त्यांना आधी वाटतं ही विमा विकतेय, मग वाटतं हिला उसने पैसे हवेत. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठातले जेफ्री हॉल नावाचे प्राध्यापक या विषयाच्या मागे लागले आणि २०१८ साली त्यांनी हिशोबच मांडला. नुसत्या ओळखीतून जुजबी मैत्री व्हायला साधारण ५० तास एकमेकांबरोबर घालवावे लागतात, खरी मैत्री व्हायला ९०, आणि जिवलग व्हायला २००च्या वर. कामाच्या ठिकाणी नाइलाजाने शेजारी बसण्याचे तास त्यात फारसे धरायचे नाहीत, हे त्यांनी वर सांगितलं.

हे वाचल्यावर मला माझ्या मैत्रिणी कुठून आल्या आणि कुठे गेल्या, त्याचा उलगडा झाला. आम्ही डोंबिवलीकर. आम्हाला हे २०० तास रेल्वे देत होती. सकाळच्या डोंबिवली फास्टने मुंबईला जायला तासभर, यायला तासभर, शिवाय सिग्नलला अडकली तर बोनस. शंभर दिवसांत जिवलग तयार! लेडीज डब्यात आम्ही मटार सोलले, हळदीकुंकू केलं, दसऱ्याला डब्याला तोरणं बांधली, एकीचं डोहाळजेवण भांडुप ते घाटकोपरच्या दरम्यान उरकलं. मैत्री करायला म्हणून आमच्यापैकी कोणीही त्या डब्यात चढलं नव्हतं. सगळ्या चौथी सीट मिळवायला चढल्या होत्या. पुढे २०२०च्या मार्चमध्ये गाड्या बंद झाल्या, दोघींनी स्वेच्छानिवृत्ती घेतली, एक मुलाकडे पुण्याला गेली, आणि माझी बदली कल्याणच्या ऑफिसात झाली. सगळ्यांनी अभिनंदन केलं. 'सुटलीस! दहा मिनिटांत ऑफिस!' खरंच सुटले. रोजचे दोन तास वाचले आणि ते कोणाबरोबर घालवायचे हा प्रश्न घेऊन मी घरी बसले.

अशा वेळी आमच्याच इमारतीतल्या लॅबवाल्या मॅडम लिफ्टमध्ये भेटल्या. यांची रक्त-लघवी तपासायची लॅब आहे, अर्ध्या डोंबिवलीची साखर यांना पाठ आहे. रस्त्यात त्या दिसल्या की मिठाईच्या दुकानासमोर उभे असलेले गृहस्थ औषधाच्या दुकानासमोर सरकतात. त्या म्हणाल्या, "गुरुवारी येता का? आमचा कराओकेचा ग्रुप आहे."

"मला गाता येत नाही हो."

"ते नंतर बघू. गुरुवार मोकळा आहे का? आमच्याकडे लता कमी पडतात."

लता का कमी पडतात, ते तिथे गेल्यावर समजलं. या ग्रुपात पुरुष उदंड आणि त्यातला प्रत्येक जण कॉलेजच्या दिवसांपासून खिशात एक द्वंद्वगीत घेऊन फिरतोय. तेव्हा समोरची लता मिळाली नाही. पुढे मिळाली ती लग्नाची बायको, आणि ती म्हणते, "तुम्ही गा, मी कुकर बघते." त्यामुळे साडी किंवा पंजाबी ड्रेस घातलेली कोणीही व्यक्ती दारातून आत आली की तिच्या गळ्याची चौकशी न करता तिला पाच-सहा गाणी बुक होतात. इतकी मागणी मला लग्नाच्या बाजारातसुद्धा नव्हती.

आमचा हॉल स्टेशनच्या पूर्वेला, साड्यांच्या दुकानाच्या वर. दिवसा तिथे बारशी आणि साखरपुडे होतात आणि त्यांचा माल संध्याकाळीही तसाच असतो. म्हणजे मागे सोनेरी कागदात 'शुभविवाह', कोपऱ्यात झेंडूच्या माळा लावलेला पाळणा, आणि मध्ये उभं राहून एक साठीचा गृहस्थ, जगात आपलं कोणी उरलं नाही, असं मुकेशच्या आवाजात सांगतोय. साहित्य म्हणजे एक लॅपटॉप, एक मिक्सर, दोन बिनतारी माइक. त्यातल्या एकाचा सेल नेहमी दुसऱ्या कडव्यात मरतो. शिवाय 'इको' नावाची एक गोल कळ. ही कळ उजवीकडे फिरवली की प्रत्येक माणूस आपण महालात गातोय असं समजतो. गाणाऱ्याचा आत्मविश्वास आणि ऐकणाऱ्याची सहनशक्ती या दोन्हींची दोरी त्या कळीच्या हातात असते.

आणि एक कॅशियरसाहेब असतात. हे सहकारी बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ दाराशी लांबट रजिस्टर घेऊन बसतात. आल्या आल्या नाव लिहायचं, गाणं लिहायचं, पट्टी लिहायची, महिन्याचे पैसे द्यायचे आणि नंबर घ्यायचा. लाच चालत नाही. आमच्या एका किशोरने वशिल्यासाठी त्यांना अळूवड्या आणून दिल्या. त्यांनी त्या सर्वांना समान वाटल्या आणि त्याचा नंबर होता तोच ठेवला. स्वतः कॅशियरसाहेब गात नाहीत. एकदाही गायले नाहीत. मग येता कशाला, असं विचारलं तर म्हणतात, "हिशोब कोण ठेवणार?"

तिथे कोणाला फारसं नावाने हाक मारत नाहीत. आमच्याकडे दोन मुकेश आहेत, तीन किशोर, एक रफी, एक हेमंतकुमार (हे फक्त सर्दी झाली की येतात), आणि लॅबवाल्या मॅडम म्हणजे आशा. दिवसभर लोकांच्या दंडाला रबर बांधणारी ही बाई संध्याकाळी हेलनवर चित्रित झालेली गाणी म्हणते आणि म्हणताना समोरच्याच्या दंडाकडे बघते. ज्यांनी तिच्याकडे रक्त दिलंय, ते त्या वेळी दुसरीकडे बघतात.

थोरले मुकेश हे निवृत्त मोटरमन. आयुष्यभर लोकलच्या पुढच्या टोकाला, एका छोट्या केबिनमध्ये, मागे काही हजार माणसं आणि जवळ एकही नाही, अशी नोकरी. या परिस्थितीत माणूस मुकेश न झाला तरच नवल. गाडी चालवताना गात होतात का, असं विचारलं तर ते अजूनही घाबरून म्हणतात, "छे छे, फक्त गाडी रिकामी कारशेडला नेताना." त्यांचा आवाज चांगला आहे, पण त्यांना एन्ट्री सापडत नाही. मधलं संगीत संपलं आणि शब्दांचा रंग बदलायला लागला तरी ते शांतपणे पुढे बघत उभे. पुष्कळ दिवस कोणाला इलाज सुचेना. शेवटी धाकटे मुकेश, जे होमिओपॅथ आहेत, त्यांनी नेमकं निदान केलं. लोकलमध्ये मागचा गार्ड दोनदा घंटा देतो, तेव्हा मोटरमन गाडी सोडतो. घंटा नाही तर गाडी नाही. आता एन्ट्रीच्या जागी कॅशियरसाहेब पेनाने स्टीलच्या ग्लासवर टिंग-टिंग करतात आणि मुकेश वेळेवर सुटतात.

बोलता बोलता निघालं की माझी ती सकाळची डोंबिवली फास्ट कित्येकदा हेच चालवत होते. म्हणजे जिच्यात आम्ही डोहाळजेवण करत होतो, त्या गाडीचे यजमान हे. मी त्यांना म्हटलं, "ठाण्याच्या अलीकडे तुम्ही रोज थांबायचात, तेव्हा आम्ही तुम्हाला काय काय बोललोय!" ते म्हणाले, "माहितेय. लोकांच्या चेहऱ्यावर दिसायचं, प्लॅटफॉर्म सोडताना."

आता खुद्द गाण्याबद्दल. पन्नाशीपुढच्या गायकाचा पहिला शत्रू सूर नव्हे, चष्मा. प्रोग्रेसिव्ह चष्म्यात जवळचं वाचायचं तर काचेच्या खालच्या भागातून बघावं लागतं, म्हणजे हनुवटी वर करावी लागते. शब्दांचा टॅब समोर स्टँडवर. त्यामुळे आमच्याकडचा प्रत्येक जण मान वर करून, डोळे अर्धे मिटून, आकाशातल्या कोणाला तरी उद्देशून गातोय असं दिसतं. नवा माणूस भारावून जातो. केवढी तल्लीनता! प्रत्यक्षात पुढचं अक्षर नेमकं कुठलं एवढंच तो शोधत असतो. त्यात टॅबवरचे हिंदी शब्द इंग्रजी अक्षरांत. 'दिन' की 'दीन', 'कल' की 'काल', हे गाताना ठरवायचं. एका किशोरने परवा एका ओळीत प्रेयसीला चांदऐवजी चंदा मागितला.

दुसरा शत्रू पट्टी. रफीची वरची पट्टी मध्यमवर्गीय गळ्याला झेपत नाही, म्हणून सॉफ्टवेअरमधून ट्रॅक खाली उतरवतात. 'दोन खाली घ्या', 'तीन खाली घ्या', असे हुकूम सुटतात. बायकांचं निराळंच. पाळी जायच्या वयात बायकांचा आवाज थोडा खाली उतरतो. डॉक्टर हॉट फ्लशेसबद्दल सांगतात, हाडांबद्दल सांगतात, पण आता लता जमणार नाही, गीता दत्तकडे वळा, असं कोणी वेळीच सांगत नाही. त्यामुळे द्वंद्वगीताआधी तहाची बोलणी होतात. मला चार खाली हवं असतं. चार खाली घेतलं की रफीकाका खालच्या ओळीला ऐकूच येत नाहीत, नुसते ओठ हलतात. दोन खाली घेतलं की मी वर पोचत नाही, मग मी वरच्या सुराच्या वेळी माइक प्रेक्षकांकडे धरते. मोठ्या कार्यक्रमांत कलाकार असं करतात तेव्हा लोकांना आनंद होतो. आमच्याकडे लोकांना काम लागतं.

आमच्या पलीकडच्या इमारतीत गाण्याच्या बाई राहतात, विशारद आहेत, त्यांचा तानपुरा सकाळी सहाला लागतो. त्या म्हणाल्या, "हे गाणं नव्हे." शंभर टक्के खरं आहे. हे गाणं आहे असा दावा आमच्यात फक्त तिघे करतात आणि ते तिन्ही किशोर आहेत. किशोरकुमार शास्त्रीय संगीत शिकले नव्हते, हा भारतीय संगीताच्या इतिहासातला सर्वांत धोकादायक दाखला आहे. त्याच्या आधारावर आजवर किती मध्यमवयीन पुरुषांनी माइक हातात घेतला असेल याची मोजदाद नाही. 'तेही शिकले नव्हते, मीही शिकलेलो नाही' इथपर्यंतचं बरोबर असतं. पुढचा निष्कर्ष चुकतो. आमचे केमिस्ट्रीच्या क्लासवाले किशोर तर यॉडलिंगही करतात. त्यांनी सुरुवात केली की खालच्या साडीवाल्याचा कुत्रा उठून मच्छी मार्केटच्या दिशेने निघून जातो.

तसं बघितलं तर या सगळ्याचा मूळपुरुषही शिकलेला नव्हता. जपानमधल्या कोबे शहरात दाइसुके इनोऊए नावाचा वादक बारमध्ये गिऱ्हाइकांच्या गाण्याला साथ करायचा. नोटेशन वाचता येत नसे, कानावर भिस्त. एका कंपनीचे मालक याच्याच साथीला सोकावलेले. त्यांना सहलीला जायचं होतं आणि हाच साथीला हवा होता. याला जमणार नव्हतं, म्हणून याने नुसत्या साथीची टेप भरून त्यांना दिली. त्यातून १९७१ साली नाणं टाकून वाजणारी अकरा यंत्रं बनवली आणि बारना भाड्याने दिली. पेटंट घेतलं नाही. जगाने त्यावर अब्जावधी कमावले. याला २००४ साली इग नोबेल मिळालं, म्हणजे हसवून मग विचारात पाडणाऱ्या कामगिरीचं ते गमतीदार नोबेल. त्यातही संगीताचं नाही, शांततेचं! लोकांना एकमेकांना सहन करायला शिकवण्याचा नवा मार्ग दाखवला म्हणून.

आणि माझ्या मते त्या माणसाला खरं पेटंट त्याचंच मिळायला हवं होतं. कारण आमचा गुरुवारचा हिशोब बघा. सहाला जमायचं, नऊला उठायचं. त्यात आपल्या वाट्याला गाणं एक, फार तर दीड. म्हणजे माणूस पाच मिनिटं गातो आणि पावणेतीन तास आपला नंबर लागायची वाट बघत बसतो. आपलं ऐकून घ्यायला समोर माणसं हवीत, तर त्यांचं आपण ऐकायला हवं, या धाकाने कोणी उठून जात नाही. त्या पावणेतीन तासांत धाकट्या मुकेशच्या मुलाचं लग्न का मोडलं ते कळतं, कोथिंबिरीची वडी खुसखुशीत कशी करायची ते कळतं, आशाबाईंच्या घरी संध्याकाळनंतर फक्त टीव्ही बोलतो हेही, न विचारता, कळतं. गाणी चांगली असती तर आम्ही गाणी ऐकली असती. ती तशी नाहीत म्हणून कुजबुज होते. प्राध्यापक हॉल यांचे २०० तास आमच्याकडे असे भरतात. गणपती, मेगाब्लॉक आणि धो धो पाऊस वजा जाता साधारण दीड वर्षात.

त्यात कार्यक्रमांची भर. सर्वसाधारण मराठी घर कालनिर्णयवर चालतं, आमचं कॅलेंडर वेगळं आहे. २२ जुलैला मुकेश जयंती, ३१ जुलैला रफी पुण्यतिथी, चारच दिवसांत ४ ऑगस्टला किशोर जयंती, २७ ऑगस्टला मुकेश पुण्यतिथी, ८ सप्टेंबर आशा, २८ सप्टेंबर लता, १३ ऑक्टोबरला किशोर पुण्यतिथी. श्रावण, गणपती आणि पितृपक्ष यांनी आपापली सोय बघून मधल्या फटींत बसायचं. डिसेंबरात २४ला रफी जयंती, जानेवारीत ४ला आर. डी., फेब्रुवारीत पुन्हा लता. १ मे हा इतर महाराष्ट्राला महाराष्ट्र दिन, आम्हाला मन्ना डे जयंती. मार्च महिन्यात आमच्या यादीतलं कोणी जन्मलेलं किंवा गेलेलं नाही, ही मोठ्या कलावंतांची दूरदृष्टी, कारण मार्च एंडला आमचे निम्मे गायक बँकेत रात्री दहापर्यंत अडकलेले असतात.

या कार्यक्रमांना बॅनर लागतो. बॅनरवर एका कोपऱ्यात दिवंगत गायक, पासपोर्टच्या आकाराचा. मध्ये आयोजक, कोट घातलेले. आणि वर ज्यांनी हॉलचं निम्मं भाडं दिलं ते भावी नगरसेवक, हात जोडलेले. लांबून बघणाऱ्याला वाटावं, पुण्यतिथी त्यांचीच आहे.

घरच्यांचं काय, असं मला विचारतात. नवऱ्याला द्वंद्वगीताबद्दल सांगायला मी जरा कचरतच होते. "रफीकाकांबरोबर गाते," म्हटलं. त्याने पेपरमधून डोकं न काढता विचारलं, "त्यांना माहितेय का?" मुलगी पुण्याला आयटीत आहे. तिला मी रेकॉर्डिंग पाठवलं, तर तिचा लगेच फोन आला, "आई, हे अजून कोणाला पाठवलंस?" कोणाला नाही म्हटल्यावर तिने निःश्वास सोडला आणि मग आमच्या ग्रुपातल्या यॉडलिंगवाल्यांचं अजून काही आहे का, म्हणून मागून घेतलं. सध्या तिच्या ऑफिसात ते लोकप्रिय आहेत. त्यांना हे मी सांगितलेलं नाही, सांगितलं तर आपल्याला यूएसला बोलावलंय असंच त्यांना वाटेल.

गेल्या दिवाळीत तर कहरच केला. डोंबिवलीत दिवाळीच्या पहाटे फडके रोडला जायचं असतं. तिथे काय असतं? काही नसतं. नवे कपडे घालून गणेश मंदिरापाशी जमायचं आणि एकमेकांना बघायचं. हा सोहळा सोळा ते पंचवीस वयाच्या लोकांचा, त्यानंतर माणूस आपोआप बाद होतो आणि घरी चकल्या वाढायला लागतो. आशाबाई म्हणाल्या, "मी या गावात जन्मले, आणि लग्नानंतर एकदाही गेले नाही. यंदा जायचं." गेलो. पुरुष मंडळी कुर्त्यात, आम्ही पैठण्यांत, थोरले मुकेश नव्या बुटांत लंगडत. गर्दीतली पोरं आम्हाला बघून बाजूला व्हायला लागली, त्यांना वाटलं कोणाचे तरी आईबाबा शोधायला आलेत. एका मुलाने तर समोरच्या मुलीचा हात घाईने सोडला आणि आम्हाला "काका, आम्ही क्लासमधले आहोत" असं न विचारता सांगून टाकलं. केमिस्ट्रीच्या किशोरनी त्याला विचारलं, "कुठल्या क्लासमधले?" तो त्यांच्याच बॅचचा निघाला. तो आणि ते, दोघेही पुढचा आठवडाभर वर्गात एकमेकांच्या नजरेला नजर देत नव्हते.

मग एप्रिलात रफीकाकांना अँजिओप्लास्टी करावी लागली. त्याला आधी थोडी पार्श्वभूमी आहे. 'बैजू बावरा' हा १९५२ सालचा सिनेमा, त्यातलं रफीचं ते देवाला हाक मारणारं गाणं, शेवटी सूर चढत चढत जातो ते. रफीकाका ते दर महिन्याला मागायचे. तो शेवटचा चढ आला की हॉलमधल्या गप्पा बंद व्हायच्या आणि सगळ्यांचं लक्ष सुराकडे नव्हे, त्यांच्या गळ्याच्या शिरेकडे लागायचं. भावाने दिलेलं रक्तदाबाचं यंत्र मी घरून आणून हॉलवरच ठेवलं होतं. गाणं संपलं की आशाबाई त्यांना खुर्चीत बसवून पट्टा बांधायच्या, आणि आकडा बघून टाळ्या वाजवायच्या की पाणी द्यायचं ते आम्ही ठरवायचो. सुदैवाने झटका वगैरे आला नाही. तोच पट्टा बांधताना आशाबाईंना काही तरी खटकलं, दुसऱ्याच दिवशी त्यांनी त्यांना हाताला धरून डॉक्टरकडे नेलं.

हॉस्पिटलात भेटायची वेळ संध्याकाळी चार ते सहा, एका वेळी दोघे. कॅशियरसाहेबांनी खाली लॉबीत रजिस्टर उघडलं आणि नंबर लावले. मी आणि एक किशोर वर पोचलो तेव्हा दोन्ही मुकेश आतच होते, कारण थोरल्यांना कोणी टिंग-टिंग केलं नव्हतं म्हणून ते उठले नव्हते. एवढी गर्दी बघून सिस्टर चिडल्या. "पेशंटचे कोण तुम्ही? भाऊ का?"

"नाही, मी मुकेश," थोरले म्हणाले.

"आणि हे?"

"हेही मुकेश."

"हे किशोर," मी मदतीला म्हणून सांगितलं. "अजून दोन किशोर खाली आहेत."

सिस्टरांनी एकदा आमच्याकडे आणि एकदा पेशंटकडे बघितलं. रफीकाका डोळे मिटून पडले होते. ते डोळे न उघडता म्हणाले, "सिस्टर, आशाबाईंना वर पाठवा." त्यानंतर सिस्टरांनी मनोविकाराच्या डॉक्टरांना बोलावलं की नाही, ते कळलं नाही, आम्हाला मात्र खाली पाठवलं.

यंदा ३१ जुलैला रफीकाका परत आले. डॉक्टरांनी गायला परवानगी दिली होती, चढायला नाही. त्यामुळे रफीची पुण्यतिथी आम्ही पाच खाली घेऊन साजरी केली. बाहेर पाऊस असा की स्टेशनच्या पायऱ्यांवरून पाणी वाहत होतं आणि गाड्या कुर्ल्याच्या पुढे सरकत नव्हत्या. बॅनर छापलेला, खुर्च्या शंभर मांडलेल्या, भावी नगरसेवकांचा 'पाण्यात अडकलो' असा निरोप आलेला. समोर प्रेक्षकांत फक्त आम्हीच, म्हणजे ज्यांचा नंबर यायचाय ते.

तेवढ्यात जिन्यावरून दोन गृहस्थ वर आले. पँटी गुडघ्यापर्यंत दुमडलेल्या, छत्र्यांतून पाणी गळतंय, खांद्याला डब्याची पिशवी. आडोशाला म्हणून चढले होते. कार्यक्रम सुरू असलेला बघून दारात घुटमळले. आमच्यात एकदम चैतन्य पसरलं. खरे प्रेक्षक! ज्यांचा नंबर नाही, ज्यांचं कोणी नातेवाईक गात नाही, असे! आशाबाईंनी त्यांना पहिल्या रांगेत बसवलं, वडा दिला, एकाला चहात साखर किती तेही न विचारता स्वतःच ठरवून दिली. थोरल्या मुकेशनी त्यांच्यासाठी रफीच्या पुण्यतिथीला मुकेश म्हटला. किशोरनी यॉडलिंग केलं. दोघे मान डोलावत बसले. बाहेर पडायची सोयच नव्हती.

तासाभराने पाऊस थोडा ओसरला. त्यातला उंच गृहस्थ उठला, छत्री हातात घेतली, पण दाराबाहेर न जाता कॅशियरसाहेबांच्या टेबलापाशी उभा राहिला. जरा वेळ रजिस्टरकडे बघून हळूच म्हणाला, "साहेब, तलतचं एक आहे. कॉलेजात म्हणायचो. चाललं तर..."

कॅशियरसाहेबांनी चष्मा वर केला, पान उलटलं, पेनाचं टोपण काढलं.

"नाव सांगा, गाणं सांगा, पट्टी सांगा. तेविसावा नंबर आहे. बसा निवांत, वेळ लागेल."